दोन काळांतील दोन घोडे एकाच रेषेवर: काल्पनिक शर्यत मांडण्याची रीत

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, तेव्हा दोंडाईच्याहून शहाद्याकडे जाणाऱ्या पुलावरूनच राहुट्यांचे दिवे आणि शेकोट्यांचा धूर दिसू लागतो. दिवसभर दात पाहून वय ठरवणे, अंगावरचे भोवरे तपासणे, रेवाल ही झुलती, न हिंदकळणारी चाल चालवून पाहणे असा सौद्याचा व्यवहार चालतो आणि रात्री शेकोटीभोवती जुन्या घोड्यांच्या आठवणी निघतात. कोणीतरी वडीलधारा माणूस हमखास म्हणतो, ‘आते तसा घोडा कोठे शे?’ त्यावर तरुण मंडळी मोबाईलवरची एखादी जुनी शर्यत दाखवून दुसऱ्याच घोड्याची बाजू घेतात. अशाच एका रात्री अमेरिकेतल्या १९२० सालच्या मॅन ओ वॉरची आणि १९७३ सालच्या सेक्रेटॅरिएटची गाठ घातली तर कोण जिंकेल, यावर आमच्यात पहाटेपर्यंत वाद झाला आणि त्यातून काहीही निष्पन्न झाले नाही. वाद फुकट गेला याचे कारण माहितीची कमतरता हे नव्हते. प्रत्येक जण मनात वेगळी शर्यत धरून बोलत होता, हे खरे कारण होते. त्यानंतरच्या काही हिवाळ्यांत आम्ही वही घेऊन, हिशेब मांडून अशा शर्यती लावू लागलो, आणि त्यातून जी रीत बसली ती येथे क्रमाने देत आहे.

आरंभीच एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. सारंगखेड्याच्या बाजारात प्रामुख्याने मारवाडी आणि काठियावाडी घोडे येतात आणि त्यांची पारख चाल, रूप व लक्षणे यांवर होते. येथे सांगितलेली रीत थरोब्रेड जातीच्या शर्यतीच्या घोड्यांसाठी आहे, कारण त्यांच्या प्रत्येक धावेचे अंतर, पाठीवरचे वजन, वेळ आणि प्रतिस्पर्धी यांची नोंद ठेवली जाते. जेथे नोंद नाही, तेथे ही रीत चालत नाही.

पहिली पायरी: प्रश्न नीट लिहिणे

‘कोणता घोडा श्रेष्ठ?’ हा प्रश्न वहीत लिहू नये, कारण त्यात किमान चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. सर्वांत वेगवान कोण, आपल्या पिढीपासून सर्वांत पुढे कोण, सर्वाधिक वजन वाहून जिंकणारा कोण आणि सर्वाधिक काळ टिकलेला कोण, या चारही प्रश्नांची उत्तरे बहुधा वेगवेगळी येतात. अठराव्या शतकातील इंग्लंडचा एक्लिप्स १७६९ आणि १७७० या दोन वर्षांत एकदाही हरला नाही. परंतु त्या काळी चार चार मैलांच्या फेऱ्या एकाच दिवसात पुन्हा पुन्हा धावाव्या लागत आणि पाठीवर १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन असे. त्याला आजच्या एका मैलाच्या शर्यतीत उभे करणे हा त्याच्यावरही अन्याय आहे आणि समोरच्या घोड्यावरही. म्हणून आम्ही नियम केला आहे की दोन्ही घोड्यांनी आपापल्या आयुष्यात जवळपास सारख्या अंतरावर काहीतरी सिद्ध केलेले असेल तरच त्यांची गाठ घालायची.

यापेक्षाही महत्त्वाचा निर्णय म्हणजे घोडा आपल्या काळातून जसाच्या तसा उचलून आणायचा की दोघांना समान संधी द्यायची. ‘जसाच्या तसा’ म्हणजे १९२० सालचा खुराक, त्या वेळची नाल, त्या वेळची तालीम यांसह तो घोडा १९७३ सालच्या ट्रॅकवर उतरतो. ‘समान संधी’ म्हणजे दोघेही एकाच काळात जन्मले, एकाच तोलाच्या तबेल्यात वाढले असे गृहीत धरायचे. पहिल्या प्रकारात नंतरच्या काळातील घोडा जवळजवळ नेहमीच जिंकतो, आणि त्या उत्तरातून घोड्यापेक्षा काळाबद्दलच अधिक कळते. माझा कल दुसऱ्या प्रकाराकडे आहे. तरीही कोणता प्रकार निवडला, हे पानाच्या शिरोभागी लिहिल्यावाचून पुढे जाऊ नये. आमच्या त्या पहिल्या रात्रीच्या वादात अर्धी मंडळी एका प्रकाराने बोलत होती आणि अर्धी दुसऱ्या, हे आम्हाला फार उशिरा लक्षात आले.

दुसरी पायरी: मैदान आधी, घोडा नंतर

घोड्यांची नावे लिहिण्यापूर्वी अंतर, जमिनीचा प्रकार, पाठीवरचे वजन, घोड्याचे वय, सुरुवातीची पद्धत आणि धावणाऱ्या घोड्यांची संख्या निश्चित करावी. नावे आधी लिहिली की माणूस नकळत आपल्या लाडक्या घोड्याला सोयीचे मैदान निवडतो.

जमिनीचे महत्त्व खानदेशातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या भारी काळ्या जमिनीत उन्हाळ्यात पाऊल टाकणे आणि आषाढात पाऊल टाकणे यांत जो फरक आहे, तोच फरक वेगवेगळ्या रेसकोर्सवर, किंवा एकाच रेसकोर्सवर दोन दिवसांत असतो. अमेरिकेतील मोठ्या शर्यती बहुतांशी मातीच्या ट्रॅकवर होतात, इंग्लंडच्या सपाट शर्यती परंपरेने हिरवळीवर होतात आणि मुंबईच्या महालक्ष्मीलाही हिरवळच आहे. मातीवर वेगाने सुटून आघाडी धरणाऱ्या घोड्याला लाभ होतो, तर हिरवळीवर शेवटच्या दोन फर्लांगांसाठी (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) राखून ठेवलेली ताकद कामी येते. सेक्रेटॅरिएट दोन्हींवर जिंकलेला आहे, आणि त्याने हिरवळीवर जिंकलेल्या शर्यतींपैकी एकीचे नावच ‘मॅन ओ वॉर स्टेक्स’ आहे. स्वतः मॅन ओ वॉर मात्र हिरवळीवर कधी धावला नाही. म्हणून या जोडीला हिरवळीवर उतरवले तर एका बाजूला पुरावा असतो आणि दुसऱ्या बाजूला केवळ कल्पना.

वळणाची दिशा हा बारकावाही सोडू नये. न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर १९२१ पर्यंत घोडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावत आणि नंतर ती दिशा उलटी झाली. याचा अर्थ मॅन ओ वॉर आणि सेक्रेटॅरिएट यांनी ‘बेलमाँट स्टेक्स’ ही एकाच नावाची शर्यत जिंकली, तरी ती परस्परविरुद्ध दिशांनी आणि वेगवेगळ्या अंतरांवर जिंकली. १९२० साली हे अंतर एक मैल तीन फर्लांग होते आणि १९७३ साली दीड मैल.

वयाबाबत एवढेच लक्षात ठेवावे की उत्तर गोलार्धात शर्यतीच्या घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजतात आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १ ऑगस्टपासून. न्यूझीलंडमध्ये ४ ऑक्टोबर १९२६ रोजी जन्मलेल्या ‘फार लॅप’ नावाच्या घोड्याला इंग्लंडच्या घोड्यासमोर उभे करताना केवळ ‘चार वर्षांचा’ असे लिहून भागत नाही. तो महिन्यांच्या हिशेबाने किती वयाचा आहे, ते पाहावे लागते.

तिसरी पायरी: नोंदी जमवणे आणि त्यांच्यावर शंका घेणे

प्रत्येक घोड्याच्या निवडक आठ-दहा शर्यतींसाठी एक ओळ आखावी. तीत तारीख, रेसकोर्स, अंतर, जमिनीची स्थिती, वजन, दुसऱ्या क्रमांकाचा घोडा व त्याचे वजन, विजयाचे अंतर आणि वेळ हे रकाने असावेत. हरलेल्या शर्यती वगळू नयेत. माझ्या अनुभवात पराभवाची ओळ विजयाच्या पाच ओळींपेक्षा जास्त शिकवते.

मॅन ओ वॉर २१ शर्यतींत एकदाच हरला. १३ ऑगस्ट १९१९ रोजी साराटोगा येथे अपसेट नावाच्या घोड्याने त्याला मागे टाकले. ही ओळ वजनासह लिहिली की तिचा अर्थच पालटतो, कारण त्या दिवशी मॅन ओ वॉरच्या पाठीवर १३० पौंड होते आणि अपसेटच्या पाठीवर ११५. शिवाय त्याला सुरुवातही वाईट मिळाली होती. सेक्रेटॅरिएटही २१ वेळा धावला. त्याने १६ जिंकल्या. १९७३ साली व्हिटनी स्टेक्समध्ये ऑनियनने आणि वुडवर्ड स्टेक्समध्ये चिखलमय ट्रॅकवर प्रूव्ह आऊटने त्याला हरवले. या पराभवांमागे आजारपणासारखी कारणे सांगितली जातात आणि त्यांतली काही खरीही आहेत. पण घोडा आजारी पडू शकतो, हाही त्याच्या नोंदीचाच भाग आहे.

वेळेच्या रकान्याकडे संशयाने पाहावे. सेक्रेटॅरिएटच्या १९७३ सालच्या प्रीकनेस स्टेक्समध्ये विजेवर चालणारे घड्याळ चुकले. अधिकृत वेळ आधी एक लागली, मग ती बदलण्यात आली आणि अखेर २०१२ साली, म्हणजे ३९ वर्षांनी, जुन्या चित्रफितींची तपासणी होऊन ती १ मिनिट ५३ सेकंद अशी निश्चित झाली. इतक्या गाजलेल्या शर्यतीत असे घडू शकते, तर त्याआधीच्या काळात हाताने दाबलेल्या घड्याळांवर किती विसंबायचे, याचा विचार ज्याने त्याने करावा. जुन्या अमेरिकन नोंदी सेकंदाच्या पाचव्या हिश्शापर्यंतच असत, त्यामुळे दोन दशांश सेकंदांच्या आतला फरक हा फरकच मानू नये.

शरीराच्या मापांबाबतही हीच दक्षता हवी. फार लॅपचे हृदय ६.२ किलोचे होते, हे मोजलेले आहे आणि ते कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. सेक्रेटॅरिएटचे हृदय २२ पौंडांचे होते असे जे सांगतात, तो शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्याचा अंदाज आहे. ते काट्यावर ठेवलेले नव्हते. वहीत एकापुढे ‘मोजलेले’ आणि दुसऱ्यापुढे ‘अंदाज’ असे लिहावे.

चौथी पायरी: घड्याळ वाचणे

या पायरीला घाई करू नये, कारण बहुतेक चुका येथेच होतात. अंतरे वेगळी असली की एकूण वेळेची तुलना निरर्थक ठरते, म्हणून दर फर्लांगाचा वेळ काढावा. मैलाचे ८ फर्लांग होतात आणि एक फर्लांग सुमारे २०१ मीटरचा असतो. मॅन ओ वॉरने १९२० सालची बेलमाँट ११ फर्लांगांत २ मिनिटे १४.२ सेकंदांत जिंकली, म्हणजे दर फर्लांगाला १२.२ सेकंद. सेक्रेटॅरिएटने १९७३ सालची बेलमाँट १२ फर्लांगांत २ मिनिटे २४ सेकंदांत जिंकली, म्हणजे दर फर्लांगाला नेमके १२ सेकंद, आणि तेही एक फर्लांग अधिक धावून. ११ फर्लांगांच्या शर्यतीत हा फरक २.२ सेकंदांचा होतो. एका सेकंदाला ढोबळमानाने पाच घोड्यांची लांबी, म्हणजे रेसकोर्सवरच्या बोलीत पाच लेंग्थ, असा अमेरिकन हिशेब धरला तर सेक्रेटॅरिएट ११ लांबींनी पुढे निघतो.

बहुतेक वाद येथेच थांबतात आणि सेक्रेटॅरिएटला विजयी घोषित केले जाते. पण हे ‘जसाच्या तसा’ प्रकाराचे उत्तर झाले. समान संधीच्या प्रकारात या ११ लांबींतून काळाचा वाटा वजा करावा लागतो. तो वाटा काढण्यासाठी त्याच रेसकोर्सवर, त्याच अंतरावर, मधल्या काळात वेळ किती सुधारली हे पाहावे. मॅन ओ वॉरचाच मुलगा वॉर ॲडमिरल याने १९३७ साली दीड मैलाची बेलमाँट २ मिनिटे २८.६ सेकंदांत जिंकली. १९५७ साली गॅलंट मॅनने तीच शर्यत २ मिनिटे २६.६ सेकंदांत जिंकली. म्हणजे वीस वर्षांत पूर्ण दोन सेकंद, अर्थात दहा लांबी, कमी झाल्या. वॉर ॲडमिरलही तिहेरी मुकुट मिळवणारा, म्हणजे एकाच वर्षी केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट जिंकणारा, घोडा होता, तेव्हा ही सुधारणा केवळ घोड्यांची नव्हती. तीत ट्रॅकची बांधणी, खुराक आणि तालीम यांचाही भाग होता. १९२० ते १९५७ या काळाला यातला मोठा हिस्सा दिला, तर घड्याळाने दाखवलेले ११ लांबींचे अंतर जवळजवळ पुसले जाते. म्हणून मी म्हणतो की मॅन ओ वॉर घड्याळावर हरलेला नाही.

आता हीच चाळणी दुसऱ्या बाजूलाही लावली पाहिजे, नाहीतर आपण वकिली करत आहोत असे होईल. सेक्रेटॅरिएटने गॅलंट मॅनचा विक्रम २.६ सेकंदांनी, म्हणजे १३ लांबींनी मोडला. १९५७ ते १९७३ या सोळा वर्षांत तो विक्रम कोणालाही मोडता आला नव्हता, आणि सेक्रेटॅरिएटनंतरही बेलमाँटमध्ये २ मिनिटे २६ सेकंदांच्या आत कोणी आलेले नाही. त्यामुळे या टप्प्याला काळाच्या सुधारणेची वजावट लावण्याचे कारण मला दिसत नाही. हे १३ लांबींचे श्रेय जवळजवळ पूर्णपणे त्या घोड्याचे आहे.

एकोणिसाव्या शतकातील घोडा घेतला तर आणखी एक मोठी दुरुस्ती करावी लागते. १९०० च्या आसपास जॉकींनी रिकिबी आखूड करून, पुढे झुकून, घोड्याच्या पाठीवरून उचलून बसण्याची पद्धत स्वीकारली. इंग्लंडमध्ये ती टॉड स्लोन या अमेरिकन जॉकीमुळे रुजली. या बदलाच्या काळात शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. दोन मिनिटांच्या शर्यतीत हे ६ ते ८ सेकंद होतात. एवढी तफावत घोड्याच्या खाती टाकणे म्हणजे बैलगाडीच्या धावेचा दोष बैलाला देणे होय.

एकूण वेळेखेरीज टप्प्याटप्प्याच्या वेळा मिळाल्या तर त्या सोन्यासारख्या जपाव्यात. सेक्रेटॅरिएटने १९७३ सालच्या केंटकी डर्बीत पाचही पाव मैल आधीच्यापेक्षा कमी वेळात कापले: २५.२, २४, २३.८, २३.४ आणि २३ सेकंद. सव्वा मैलाची शर्यत शेवटपर्यंत वेग वाढवत धावणारा घोडा कसा दिसतो, हे या पाच आकड्यांत आहे. चित्रफीत पाहण्याआधी मी ते आकडे वाचले होते आणि तेव्हाच अंगावर काटा आला होता.

पाचवी पायरी: मापदंड घोडा शोधणे

विजयाचे अंतर कितीही मोठे असले तरी मागे कोण होते, हे कळल्याशिवाय त्याला किंमत नाही. मॅन ओ वॉरने लॉरेन्स रिअलायझेशन स्टेक्स सुमारे १०० लांबींनी जिंकली. परंतु त्या दिवशी समोर हूडविंक नावाचा एकच घोडा होता. सेक्रेटॅरिएटच्या बेलमाँटमधील ३१ लांबींचेही तसेच आहे. त्याच्याशी सुरुवातीला झुंजणारा शॅम पार थकून शेवटच्या क्रमांकावर गेला होता, म्हणून मागचे अंतर फुगले. असे फुगलेले अंतर वहीत जसेच्या तसे उतरवू नये.

त्याऐवजी मापदंड घोडा शोधावा, म्हणजे असा प्रतिस्पर्धी जो आपल्या नायकाकडून हरला, पण इतरांसमोर त्याने स्वतःची योग्यता सिद्ध केली. मॅन ओ वॉरसाठी मी जॉन पी. ग्रिअर निवडतो. १९२० च्या ड्वायर स्टेक्समध्ये नऊ फर्लांगांवर ग्रिअरने त्याला शेवटपर्यंत घाम फोडला आणि तो केवळ दीड लांबीने हरला. पण मॅन ओ वॉरच्या पाठीवर १२६ पौंड होते आणि ग्रिअरच्या पाठीवर १०८. अठरा पौंडांचा हिशेब पुढच्या पायरीत मांडतो.

या कसोटीला सर्वांत स्वच्छ उतरणारे उदाहरण इंग्लंडच्या फ्रँकेलचे आहे. एक्सेलिब्रेशन हा घोडा त्याच्याकडून वारंवार हरला, आणि २०१२ च्या क्वीन ॲन स्टेक्समध्ये तर ११ लांबींनी. तोच एक्सेलिब्रेशन फ्रँकेल समोर नसताना त्याच वर्षी फ्रान्समध्ये जाक ल मार्वा आणि ॲस्कॉटवर क्वीन एलिझाबेथ द्वितीय स्टेक्स जिंकला. म्हणजे ११ लांबी मागे राहिलेला घोडा त्या वर्षातील अव्वल मैल-धावक होता. त्याच पद्धतीने इंग्लंडच्याच ब्रिगेडियर जेरार्ड या घोड्याचा मापदंड मिल रीफ आहे. १९७१ च्या ‘टू थाउजंड गिनीज’ या मैलाच्या शर्यतीत ब्रिगेडियरने त्याला तीन लांबींनी हरवले, आणि त्यानंतर मिल रीफने त्याच वर्षी एप्सम डर्बी व पॅरिसची ‘आर्क’ ही मोठी शर्यत जिंकली. तीन लांबींचा हा विजय मला कित्येक वीस लांबींच्या विजयांपेक्षा मोठा वाटतो.

सहावी पायरी: वजनाचे लांबीत रूपांतर

रेसकोर्सवर चालणारा ढोबळ हिशेब असा आहे: पाच फर्लांगांच्या शर्यतीत तीन पौंड म्हणजे एक लांबी, मैलाला सुमारे दोन पौंड, दीड मैलाला दीड पौंड आणि दोन मैलांना एक पौंड. अंतर वाढते तसे प्रत्येक पौंड अधिक जाणवतो, हे डोक्यावर ओझे घेऊन शेताच्या बांधापर्यंत आणि गावापर्यंत चाललेल्या कोणालाही पटेल.

आता ग्रिअरकडे परत येऊ. नऊ फर्लांगांना साधारण दोन पौंडांची एक लांबी धरली, तर १८ पौंड म्हणजे नऊ लांबी होतात. त्यांत प्रत्यक्ष दीड लांबी मिळवली की समान वजनावर मॅन ओ वॉर एका उत्तम घोड्यापेक्षा सुमारे साडेदहा लांबी सरस ठरतो. १०० लांबींच्या कथेपेक्षा हा साडेदहाचा आकडा मी छातीठोकपणे वापरतो. फार लॅपच्या बाबतीत याच हिशेबाने एक पराभव उलगडतो. १९३० ची मेलबर्न कप त्याने १३८ पौंड वजनासह जिंकली. पुढच्या वर्षी त्याच्यावर १५० पौंड लादले गेले आणि तो आठवा आला. शर्यत दोन मैलांची होती, म्हणजे बारा पौंड हे जवळजवळ बारा लांबींचे ओझे होते.

जाणकारांनी दिलेली रेटिंगे हीदेखील वजनाच्या भाषेतच असतात, आणि ती वापरायला हरकत नाही. टाइमफॉर्म या इंग्रजी संस्थेने फ्रँकेलला १४७, सी बर्डला १४५ आणि ब्रिगेडियर जेरार्ड व ट्यूडर मिन्स्ट्रेल यांना प्रत्येकी १४४ दिले आहेत. मात्र ही फूटपट्टी माणसांनी धरलेली असते आणि काळाबरोबर ती सैल किंवा घट्ट होते. जागतिक क्रमवारीत डान्सिंग ब्रेव्हला १९८६ साली १४१ मिळाले होते. जानेवारी २०१३ मध्ये जुन्या वर्षांचे आकडे फेरतपासून ते १३८ करण्यात आले, आणि त्यामुळे १४० असलेला फ्रँकेल त्याच्या वर गेला. फेरतपासणीमागे कारणे होती. तरीही घोडा निवृत्त होऊन गेल्यावर त्याचे तीन पौंड कमी होऊ शकतात, हे लक्षात ठेवूनच रेटिंग वहीत उतरवावे आणि त्यापुढे ते कोणत्या वर्षीचे आहे तेही लिहावे.

सातवी पायरी: शर्यत डोळ्यांसमोर धावू देणे

आकडे जुळले म्हणजे शर्यत झाली असे नाही. आघाडी कोण घेईल, दुसरा त्याच्या खांद्याला लागेल की मागे थांबेल, हे ठरवावे लागते. १ नोव्हेंबर १९३८ रोजी पिम्लिको येथे सीबिस्किट आणि वॉर ॲडमिरल यांची दुहेरी, म्हणजे दोघांचीच, शर्यत झाली. झपाट्याने सुटणारा वॉर ॲडमिरल आघाडी घेणार हे बहुतेकांनी गृहीत धरले होते. सीबिस्किटच्या गोटाने त्याला घंटेच्या आवाजासरशी उडी घेण्याची खास तालीम दिली होती. तो पहिल्याच क्षणी पुढे गेला आणि चार लांबींनी जिंकला. केवळ वजन-वेळेच्या हिशेबातून हे निघाले नसते. म्हणून दुहेरी शर्यत आणि दहा घोड्यांची शर्यत यांचे निकाल वेगवेगळे काढावेत.

मॅन ओ वॉर आणि सेक्रेटॅरिएट यांच्या दुहेरी शर्यतीत मॅन ओ वॉर आघाडी घेणार, याबद्दल मला शंका नाही, कारण त्याला रोखून धरणे हेच त्याच्या जॉकींपुढचे मोठे काम असे. बेलमाँटमध्ये सेक्रेटॅरिएटने पहिले सहा फर्लांग १ मिनिट ९.८ सेकंदांत शॅमच्या बरोबरीने कापले आणि तरीही तो थकला नाही. तेव्हा तो मागे थांबणार नाही, खांद्याला लागूनच धावेल. अशा जुगलबंदीत दहाव्या फर्लांगापर्यंत कोणीही हलणार नाही, आणि निकाल त्यानंतर किती अंतर उरले आहे यावर लागेल.

आठवी पायरी: चिठ्ठ्या

घोडा दररोज सारखा धावत नाही, त्यामुळे एकाच आकड्यावर निकाल देऊ नये. दोन लोटे घ्यावेत आणि प्रत्येक घोड्याच्या दहा चिठ्ठ्या कराव्यात. प्रत्येक चिठ्ठीवर एका शर्यतीतील त्याची पातळी, समान वजनावर आणि आपल्या काळातील पहिल्या दर्जाच्या घोड्याच्या तुलनेत किती लांबी पुढे किंवा मागे, अशी लिहावी. सेक्रेटॅरिएटच्या एका चिठ्ठीवर १३ येईल, पण ऑनियनकडून हरल्याची आणि प्रूव्ह आऊटकडून हरल्याची चिठ्ठीही त्याच लोट्यात पडेल. मॅन ओ वॉरच्या चिठ्ठ्यांत १३ नसेल, पण उणे आकडाही जवळजवळ नसेल. दोन्ही लोट्यांतून एकेक चिठ्ठी काढावी, मोठा आकडा जिंकला असे मांडावे, चिठ्ठ्या परत टाकाव्यात आणि असे शंभर वेळा करावे. आकडे समान आले तर फोटो फिनिशसाठी नाणे उडवावे. चिठ्ठ्या लिहिणारा आणि काढणारा यांत फरक असावा. शक्य असल्यास दोन्ही घोड्यांच्या चिठ्ठ्या विरुद्ध पक्षाच्या माणसाने लिहाव्यात. या एका अटीने आमच्याकडचे निम्मे भांडण मिटले.

मातीचा ट्रॅक, प्रत्येकी १२६ पौंड, तीन वर्षे वय आणि समान संधी या अटींवर आम्ही ही शर्यत अनेकदा लावली. एक मैल तीन फर्लांगांवर मॅन ओ वॉर निम्म्याहून थोड्या अधिक वेळा जिंकतो. अंतर दीड मैल केले की पारडे सेक्रेटॅरिएटकडे झुकते, कारण त्या अंतरावर मॅन ओ वॉरचा पुरावा विरळ होतो आणि सेक्रेटॅरिएटची सर्वोत्तम चिठ्ठी तेथलीच आहे. दोघांचाही रंग तांबूस, दोघांनाही लोक ‘बिग रेड’ म्हणत, आणि दोघांमधला निकाल एका फर्लांगाने फिरतो, हे मला अजूनही नवल वाटते. फ्रँकेल आणि ब्रिगेडियर जेरार्ड यांच्या मैलाच्या शर्यतीत कोरड्या हिरवळीवर मी फ्रँकेलच्या बाजूने आहे. टाइमफॉर्म रेटिंगमधला तीन पौंडांचा फरक म्हणजे दीड लांबी, आणि १४ पैकी १४ विजयांमुळे त्याच्या लोट्यात वाईट चिठ्ठीच नाही. ब्रिगेडियर १८ पैकी एकदा, १९७२ साली यॉर्कला रोबर्टोकडून हरला. त्याची ती चिठ्ठी वाईट आहे, पण ती सव्वा मैलाच्या आसपासची आहे, म्हणून मैलाच्या लोट्यात मी ती अर्ध्या वजनाने टाकतो.

यंदा आपल्या महालक्ष्मीची शर्यत लावायची आहे. इंडियन डर्बी १९४३ साली सुरू झाली आणि पहिलीच डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली. तिच्यासमोर १९७७ चा विजेता स्क्वॉन्डरर उभा करायचा, हिरवळीवर, २४०० मीटर, समान संधी, आणि घोडीला नियमाप्रमाणे वजनाची सवलत द्यायची. सवलत किती पौंडांची धरायची, यावर शहाद्याच्या आणि दोंडाईच्याच्या मंडळींत अजून एकमत झालेले नाही. म्हणून आधी दोन्ही काळांतील सवलतींच्या नोंदी मिळवायच्या आणि मगच चिठ्ठ्या लिहायला बसायचे, असे ठरले आहे.